एकच तर दिली

तोतुया आपाच्या घरातून आजवर काही हरवलं नव्हतं. सासूच्या लग्नातली तांब्याची किटली, नवऱ्याच्या सैन्यातल्या पट्ट्याचं बक्कल, पोरांचे पडलेले दुधाचे दात, सगळं जागच्या जागी होतं, आणि कुणाला शंका आलीच तर आपा कुलूप काढून दाखवायची. काराकोलच्या त्या गल्लीत इतरांच्या कोंबड्या हरवत, चाव्या हरवत, एका बाईचा तर जावई हरवला तो थेट रशियात सापडला. आपाच्या घरात मात्र सुई हरवायची तरी आधी तिची परवानगी घेऊन हरवली असती.

म्हणून घरातला जुना संगणक ज्या दिवशी जात्यासारखा घरघरला आणि मग कायमचा गप्प झाला, त्या दिवशी आपाला पहिल्यांदा घाम फुटला. त्यात तिचा नवरा होता.

म्हणजे कादिरकुल म्हातारा जाऊन काही वर्षं झाली होती, पण जाण्याआधीच्या शरदात त्यानं कॅमेऱ्यासमोर बसून एक आशीर्वाद देऊन ठेवला होता. धाकट्या मुलाच्या, एर्मेकच्या, पहिल्या पोराला. तेव्हा एर्मेकचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. पोर चालायला लागलं की त्याच्या पायांना काळा-पांढरा दोर बांधतात, गल्लीतले लोक लांबून धावत येतात, पहिला पोचेल तो दोर कापतो, मग पोर आयुष्यात अडखळत नाही. 'त्या दिवशी लावा, त्याच्या आधी कुणी बघायचं नाही,' असं म्हाताऱ्यानं बजावलं होतं. कॅमेरा कपाटावर लावून झाल्यावर त्यानं एर्मेकलाही खोलीबाहेर घालवलं होतं. आत उरली ती आपा. त्यामुळे म्हातारा काय बोलला हे जगात एकट्या आपाला ठाऊक होतं, आणि ती ते सगळ्यांना सांगत असे. सुरुवातीला त्या आशीर्वादात दीर्घायुष्य आणि घोडे होते. पुढं सात पिढ्यांचं नाव आलं. गेल्या हिवाळ्यापर्यंत मंत्रिपदही आलं होतं.

आता एर्मेकचं पोर, बेकझात, भिंतीला धरून उभं राहायला लागलं होतं. आणि संगणक मेला होता.

एर्मेक लोकांच्या घरी इंटरनेटच्या तारा ओढायच्या कामावर होता. त्यानं त्या मढ्याच्या पोटातून सगळं खरवडून बाहेर काढलं, म्हाताऱ्याचा आशीर्वादही निघाला, आणि त्यानं जाहीर केलं की यापुढं सगळं एका डिस्कच्या भरवशावर ठेवायचं नाही. घरातच पाच डिस्कांचा सर्व्हर करायचा. आपानं विचारलं, किती जागा खाईल? पिठाच्या पोत्याएवढीसुद्धा नाही, असं कळल्यावर तिनं होकार दिला. पण आत काय नि कसं ठेवायचं ते मी ठरवणार, असं सांगून ती चहाला बसली. ठेवण्याच्या बाबतीत या घरात दुसरं कोण ठरवणार?

एर्मेक म्हणाला, नुसतं कपाट आणून भागत नाही. आत काय कुठं आहे ते सांभाळणारं कुणीतरी लागतं, त्याला फाइल सिस्टिम म्हणतात, आणि तसल्या तीन त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. आपानं मांडी नीट केली. तीन स्थळं आली आहेत म्हटल्यावर तिला पुढचं समजावून सांगायची गरज उरली नाही.

पहिली जुन्या वळणाची. कष्टाळू, कमी खाणारी, मुकाट काम करणारी. पण ठेवलेली वस्तू आतल्या आत नासली तर हिला पत्ता लागत नाही, आणि लागला तरी बोलत नाही. दुसरी नव्या घराण्यातली. हौशी, चार कला येतात, पाचवी शिकते आहे म्हणे. तिसरी झेडएफएस. ही खायला फार, संगणकाची निम्मी ताकद हिलाच लागते. पण वस्तू ठेवताना प्रत्येकीवर शिक्का मारते, काढताना शिक्का पडताळते, आणि एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं दिसलं की घर डोक्यावर घेते.

"खाऊ दे," आपा म्हणाली. "खाणारी चालेल. गप्प बसून नासवणारी मला घरात नको."

हे बोलताना तिनं सुनेकडं बघितलं. आयतुर्गान कमी खायची, कमी बोलायची, आणि आपाला तिचा कधीच अंदाज यायचा नाही. आत्तासुद्धा ती नुसता चहा ओतत होती.

मग डिस्कांची वाटणी. एर्मेकच्या मनात आरसा होता. म्हणजे जे एका डिस्कवर तेच दुसरीवर, सगळं दोनदा. आपा हसली. दोन कपाटं घ्यायची आणि सामान एकाचंच ठेवायचं, अशी रीत तुझ्या बायकोच्या माहेरी असेल, म्हणाली. मग एर्मेकनं दुसरी पद्धत काढली. टेबलावर पाच बशा मांडल्या. चारांत बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले फुगीर तुकडे, ठेवले, कुठं दोन, कुठं तीन, आणि पाचवीत चौघींच्या बेरजेएवढे सुके जर्दाळू. आपाला म्हणाला, मी पाठ फिरवतो, तू कुठलीही एक बशी लपव.

आपानं एक बशी मांडीखाली घेतली. एर्मेकनं उरलेल्या बघितल्या आणि सांगितलं, तीन बोरसोक होते. बरोबर. आपानं ती ठेवून दुसरी लपवली. पुन्हा बरोबर. तिनं जर्दाळूचीच बशी लपवून बघितली, तीही त्यानं सांगितली. आपा जत्रेतल्या जादूगारासमोर बसल्यासारखी खुलली.

"म्हणजे एक गेली तरी आपलं काही जात नाही?"

"कुठलीही एक," एर्मेक म्हणाला.

पोराचं शिक्षण झालं होतं, पण त्यानं जोर 'कुठलीही'वर दिला. तो 'एक'वर द्यायचा होता. त्या स्वयंपाकघरातून तीन माणसं उठली ती तिघंही हेच शिकून उठली.

सर्व्हर कोठीत बसला, पिठाचं पोतं एका बाजूला, मुरंब्याच्या बरण्या दुसऱ्या बाजूला. समोरून पाच खण, दाबलं की बाहेर येणारे, प्रत्येक खणात एक डिस्क आणि वर हिरवा दिवा. आपा रोज सकाळी त्याच्यावरून फडकं फिरवायची. एर्मेक मग कामावर नारिनला गेला. पहाडातलं काम, म्हणाला बर्फाच्या आधी येतो, आलो की पोराची दोरी कापू.

तो गेल्यावर कानिश आली.

कानिश ही आपाच्या लेकीची सासू, गावाजवळच्या मोठ्या तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, बालिकचीला राहणारी. विहिणी विहिणींत जेवढं प्रेम असावं तेवढं दोघींत होतं, म्हणजे कानिश आली की आपा चांगले पेले काढायची आणि कानिश त्यांना तडे आहेत का बघायची. या खेपेला कानिशनं जेवणभर आपल्या नव्या काचेच्या कपाटाचं कौतुक सांगितलं. आपानं तिला हाताला धरून कोठीत नेलं आणि दिवे दाखवले. आमच्या घरातलं काही हरवत नाही, विहीणबाई, आता तर हरवू म्हटलं तरी हरवणार नाही. कानिशनं डबा वरून खालून बघितला आणि म्हणाली, छान आहे, आमच्याकडे उंदीर पकडायला असाच होता.

तरी विहीण आहे, रिकाम्या हातानं पाठवता येत नाही. आपानं ड्रेसचं कापड काढून ठेवलं होतं. पण निघताना बूट घालता घालता कानिश म्हणाली, या वर्षी ज्यानं त्यानं मला कापडच दिलं, पेटीचं झाकण लागेना, शेवटी शेजारणींना वाटून टाकलं.

आपाच्या डोक्यात जाळ झाला. ती कोठीत गेली, मधला खण दाबला, डिस्क बाहेर ओढली, पांढऱ्या रेशमी रुमालात बांधली आणि दारात येऊन कानिशच्या हातावर ठेवली.

"घ्या. यात आमचं अख्खं घराणं आहे."

कानिशनं रुमालाची घडी उचलून बघितलं. वस्तू जड होती, चकचकीत होती, आणि असली वस्तू बालिकचीत कुणाला मिळाली नव्हती. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच तिनं कशाला नावं ठेवली नाहीत.

आपा कोठीत परत येऊन कान देऊन उभी राहिली. एर्मेकनं सांगितलं होतं की काही बिघडलं तर डबा किंचाळतो. डबा गप्प होता. दिवे थोडे पिवळे पडले होते, पण ते काय, बल्बसुद्धा जुना झाला की पिवळा पडतो. मधलं भोक दात पडल्यासारखं दिसत होतं, म्हणून तिनं त्यात चहाचं पाकीट सरकवलं. बरोबर बसलं. तरीपण त्या दिवसापासून फडकं फिरवायचं काम तिनं सुनेकडं सोपवलं, आणि कारण विचारल्यावर गुडघे दुखतात म्हणाली.

एर्मेक बर्फाच्या आधी आला. दुसऱ्या दिवशी मेंढी पडली, मोठा पडदा भाड्यानं आला, बायका बोरसोक तळायला बसल्या. परवा दोर कापायचा, परवा म्हातारा बोलणार. सारी गल्ली येणार होती, कारण मंत्रिपदाचं सगळ्यांनी ऐकलं होतं. एर्मेक पडदा जोडून बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला. मग उठून कोठीत गेला. आपा गुडघे दुखत असतानाही त्याच्या आधी तिथं पोचली होती.

त्यानं मधल्या खणात हात घातला.

"आपा, हा चहा आहे."

"एकच तर दिली," आपा म्हणाली. "विहिणीला. तूच म्हणालास, एक गेली तर काही जात नाही."

एर्मेकनं शेजारचा खण दाबला. त्यातून कपडे धुवायच्या साबणाची वडी आली. हा साबण आपाचा नव्हता. दारातून आयतुर्गानचा आवाज आला, खालच्या सुरात, पण स्पष्ट.

"मीपण एकच दिली. माझ्या भावाला, दुकानासाठी. चहा बघितला होता मी. वाटलं, ओल धरू नये म्हणून तुम्हीच ठेवला असेल."

आपा वळली. सुनेवर ओरडायची अशी संधी पाच वर्षांत आली नव्हती. पण तेवढ्यात तिचं लक्ष एर्मेककडं गेलं. दोन बायकांनी मिळून घर बुडवलेलं असताना पोरगा ओरडत नव्हता. तो पिठाच्या पोत्यावर बसला होता आणि शेवटच्या खणाकडं बघत नव्हता. त्याला जन्म दिल्यापासून आपा तो चेहरा ओळखत होती. तिनं शेवटचा खण स्वतः दाबला. खण आला, आत डिस्क नव्हती.

"आणि तू?"

"ऑफिसात हवी होती, आपा. नारिनला जायच्या आधी. म्हटलं, एकच तर आहे, आलो की दुसरी आणून लावू." मग आणखी खाली मान घालून म्हणाला, "डबा किंचाळायला लागला होता. कटकट नको म्हणून मीच त्याचं तोंड बंद केलं."

म्हणजे चौकीदार झोपवून धनी गेला होता, आणि चौकीदार ओरडत नाही म्हणजे चोर नाही असं समजून बायका निर्धास्त होत्या. आपाला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्यातलं प्रत्येक वाक्य तिलाच येऊन लागत होतं, म्हणून तिनं एवढंच विचारलं की म्हातारा परत येईल का.

एर्मेकनं सांगितलं ते असं. ऑफिसातली डिस्क पुसून त्यावर लोकांची बिलं भरली गेली आहेत, ती गेली. आता आणखी एकही गेलेली चालणार नाही. विहिणीकडची आणि मेव्हण्याकडची, दोन्ही जशाच्या तशा परत आल्या तर चार बशा होतात, आणि चार बशांवरून पाचवी काढता येते. त्यातल्या एकीला कुणी हात लावला असेल तर परवा पडद्यावर काही दिसणार नाही.

तिघं आधी आयतुर्गानच्या भावाकडं गेली. तुर्दुबेकचं बाजारात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. हा माणूस आपाला कधी आवडला नव्हता. सांगितलेलं काम पुढच्या ऋतूत करायचा, आणि आपा ते त्याच्या बहिणीला दर सणाला ऐकवायची. डिस्क त्यानं दुकानाच्या संगणकाला जोडलेली होती. एर्मेकनं डोळे मिटून घेतले. मग एक उघडला. पडद्यावर एक चौकट होती: आतलं सगळं पुसून नव्यानं मांडू का? हो. नाही.

"हे कधीपासून आहे?" एर्मेकनं विचारलं.

तुर्दुबेक म्हणाला, जोडली त्या दिवसापासून. काय दाबावं ते बहिणीला विचारणार होता, मग सफरचंदांचा हंगाम आला, राहून गेलं. चौकट कोपऱ्यात सरकवून तो पडद्याच्या बाकीच्या जागेत काम करत होता. आपानं भर बाजारात त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. तो घाबरला. त्याला वाटलं घरी कुणीतरी गेलं.

राहिली कानिश. तिथं आपाला एकटीलाच जायला हवं होतं. विहिणीला दिलेली भेट परत मागणं ही गोष्ट त्या मुलुखात कुणी केलेली नव्हती, आणि ती करायला पोराला पाठवणं म्हणजे आणखी हलकं झालं असतं. सकाळच्या मार्श्रुत्कात, त्या छोट्या प्रवासी गाडीत, खिडकीशी बसून ती तळ्याकाठचा सारा रस्ता पाणी बघत गेली आणि काय बोलायचं ते जुळवत राहिली. नुसती पाहायला दिली होती, म्हणेन. दुसरी मोठी देते, म्हणेन. सरकारी माणूस मोजायला आलाय, म्हणेन.

कानिशच्या नव्या काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर, लेसच्या रुमालावर डिस्क बसली होती. एका बाजूला स्फटिकाचे पेले, दुसऱ्या बाजूला मक्केहून आलेल्या पाण्याची बाटली. कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

कानिशनं चहा ओतला, ब्रेड मोडला, लोणी पुढं केलं आणि वाट बघत बसली. आपानं आधी मोठी डिस्क सांगितली. मग सरकारी माणूस सांगितला. कानिश मान डोलवत होती, जशी एखादी बाई दुसरीला बाजारात भाव कमी करताना बघते.

"विहीणबाई," शेवटी ती म्हणाली, "नेमकं झालं काय?"

आपानं पेल्यात बघितलं. पेल्याला तडा नव्हता.

"माझ्या घरातून वस्तू हरवली," ती म्हणाली.

कानिशनं ते वाक्य गोड गोष्टीसारखं जिभेवर विरघळू दिलं. मग उठून तिनं कपाट उघडलं. बदल्यात तिनं काही मागितलं नाही. तिनं डिस्क काढली, पण आलेलं भांडं रिकामं परत जात नाही ही त्या घराचीही रीत होती, म्हणून रुमालात गरम बोरसोक भरले, त्यांच्यावर मऊ जागा करून डिस्क ठेवली, गाठ मारली, आणि अंगात कोट चढवला. दोर कापायचा कार्यक्रम आहे म्हणे, मी पण येते. परतीच्या साऱ्या वाटेत तिनं तो विषय एकदाही काढला नाही, आणि आपाला ते बोलण्याहून जड गेलं.

एर्मेकनं डिस्कला लागलेलं बोरसोकचं तेल स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. चार खण भरले, एक मोकळा. डबा रात्रभर मनाशी मोजत बसला, आणि सकाळी चारही दिवे हिरवे होते.

अंगण भरलं. मानाच्या जागी कानिश बसली. बेकझातच्या पायांत काळा-पांढरा दोर बांधला, धावणारे गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिले, आणि बाकी सगळ्यांनी आशीर्वाद घ्यायला ओंजळी पुढं केल्या. पडदा उजळला.

म्हातारा होता. डोक्यावर पांढरा कल्पाक, हात मांडीवर. आपाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्यानं ओंजळ उघडली आणि म्हणाला, "बाळा..."

"टोपी सरळ करा," पडद्यामागून आपाचा आवाज आला.

त्यानं टोपी सरळ केली. "बाळा..."

"ताठ बसा. बघणारे म्हणतील, उपाशी ठेवलं होतं."

तो ताठ बसला. मग त्याची कॉलर आली, मग दाढी, मग त्याच्या आदल्या वर्षी त्यानं हरवू बघितलेला आणि तिनं शोधून काढलेला चष्मा आला. अंगणातल्या ओंजळी तशाच पुढं होत्या, पण खांदे हलायला लागले होते. तेवढ्यात पडद्यावरची आपा म्हणाली, दूध उतू चाललंय वाटतं, बोलू नका, मी आले. पावलं लांब गेली. म्हातारा दाराकडं बघत राहिला. मग हळूच कॅमेऱ्याकडं झुकला.

"बाळा," तो कुजबुजला, "लवकर पळायला शीक. या घरात ते उपयोगी पडतं. ओमीन."

आणि दार वाजलं, आणि तो पुन्हा ताठ बसला, आणि पडदा काळा झाला.

ओमीन म्हणून सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले, आणि कुणीच ते लवकर खाली घेतले नाहीत. कानिशनं सगळ्यात शेवटी घेतले. गल्लीच्या टोकावरून लोक धावत आले, दोर कापला गेला. आपानं दोन्ही हात पसरून नातवाला बोलावलं. बेकझातनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं आणि तो उलट्या दिशेला पळत सुटला.

पाहुणे मांसाला बसल्यावर आपानं एर्मेकला कोपऱ्यात धरलं. तुझा बाप असं बोललाच नव्हता, ती म्हणाली. त्या कानिशच्या बोरसोकचं तेल आत गेलं. बिघडलंय ते.

"आपा, हिच्यात बिघडत नाही," एर्मेक म्हणाला. "सगळे शिक्के पडताळलेत मी. एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नाही. म्हणून तर तू हिला पसंत केलीस."

आयतुर्गाननं येऊन सासूच्या पेल्यात चहा ओतला. चेहऱ्यावर काही नव्हतं, तोंडून शब्द नव्हता. आपानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं.

"ती पहिली," ती म्हणाली, "कमी खाणारी, न बोलणारी. तीच बरी होती."